राखणीचा दिवा

दिवाकरभाऊजी गेले तरी कुमुदच्या फाटकावरचा पिवळा दिवा विझला नाही. गल्लीत ते सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. गप्प बसण्यात आमची गल्ली तशी मुळीच तरबेज नाही. कोणाच्या घरी कुठली भाजी शिजली यावरसुद्धा इथे दोन मतं पडतात. पण त्या दिव्याखालून जाताना माणसं आपापल्या चपलांकडे बघत जायची.

हा दिवा म्हणजे काय ते आधी सांगते. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. समजावून सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, आणि निवृत्त झाल्यावर ही खोड वाढलीच आहे.

आमच्या ब्रह्मपुरीत आता बहुतेक घरांवर सौर पॅनल आहेत आणि प्रत्येक घरात इन्व्हर्टर आहे. पूर्वीही इन्व्हर्टर होते, पण ते ज्याच्या त्याच्या घरापुरते. वीज गेली की पंखा आणि दोन दिवे चालवायचे, एवढंच त्यांचं काम. आताचा इन्व्हर्टर गल्लीच्या तारेला बांधलेला असतो. दिवसा ऊन रग्गड, तेव्हा बॅटऱ्या भरतात. संध्याकाळी ऊन उतरतं, घरोघरी कूलर सुरू होतात आणि ग्रिडला धाप लागते. मग त्याच बॅटऱ्यांतली वीज गल्लीभर वाटून घेतात. कोणाकडून किती घ्यायची, कोणाला किती द्यायची, कोणाची बॅटरी कधी भरायची, हे सगळं एक संगणक ठरवतो. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. लोक त्याला मुकादम म्हणतात, कारण तो स्वतः काही करत नाही, फक्त कामं वाटून देतो.

ज्या घरात कोणाचा जीव यंत्रावर आहे, त्या घराला या वाटणीतून सूट मिळते. त्या घराची बॅटरी कायम भरलेली ठेवायची आणि मुकादमाने तिला हात लावायचा नाही. असं घर लाइनमनला दुरून ओळखता यावं म्हणून फाटकावर पिवळा दिवा लावतात. त्यालाच आम्ही राखणीचा दिवा म्हणतो.

राखण हा शब्द दिवाकरभाऊजींचा, म्हणजे कुमुदच्या नवऱ्याचा. ते राइस मिलमध्ये उकड्या तांदळाच्या हौदांवर होते आणि हंगामात झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करायचे. मंडपातल्या शेवटच्या माणसाला माइकशिवाय ऐकू जाईल असा आवाज. गल्लीत इन्व्हर्टर आले तेव्हा माहिती द्यायला शहरातून एक तरुण साहेब आले होते. बॅटरी भरण्याच्या तीन पायऱ्या असतात, असं म्हणून त्यांनी पुस्तिकेतून वाचायला सुरुवात केली. स्थिर प्रवाह अवस्था, शोषण अवस्था, तरंग अवस्था. शेजारची मंदा बुराडे मला हळूच म्हणाली, "बॅटरीत लाटा येते का हो काकू?"

तेव्हा दिवाकरभाऊजी उठले. "साहेब, मी सांगू का? रिकाम्या हौदात आपण पाइप सोडतो, तो धो धो भरतो. हे झालं भरण. मग धान पाण्यात पडून राहते. त्याले घाई करून चालत नाही, जेवढं पाणी प्यायचं तेवढं ते आपल्या मनानं पिते. हे झालं मुरवण. मग वाफ देऊन, वाळवून, भरडून तांदूळ कोठीत जाते. तिथं त्याले फक्त सांभाळा लागते. ते राखण."

मी इतकी वर्षं शिकवून याहून सोपं सांगितलं नसतं. रिकामी बॅटरी आधी मिळेल तेवढा प्रवाह आधाशासारखा घेते. बरीचशी भरली की तिचा वेग मंदावतो. तेव्हा इन्व्हर्टर बाहेरचा दाब एका ठिकाणी धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप कमी कमी होऊ देतो. उरलेला थोडासा भाग भरायला पहिल्या मोठ्या भागाइतकाच वेळ जातो. शेवटी बॅटरी काही घेईनाशी झाली की दाब उतरवायचा आणि तिची आपसूक होणारी झीज भरून निघेल इतका थेंब थेंब प्रवाह चालू ठेवायचा. ग्रिडची वीज असेपर्यंत घर ग्रिडवर चालतं आणि बॅटरी अशी भरलेली बसून राहते. वीज गेली की पापणी लवायच्या आत इन्व्हर्टर तिच्यावर येतो. साहेबांनी भाऊजींचे शब्द लिहून घेतले, आणि नव्या इन्व्हर्टरच्या पडद्यांवर तेच आले. भरण, मुरवण, राखण.

तेव्हा कोणाला ठाऊक होतं की आमच्या गल्लीतला पहिला पिवळा दिवा त्यांच्याच फाटकावर लागणार आहे. मिलमधल्या कोंड्याच्या धुळीनं त्यांची फुप्फुसं कधीच खाऊन टाकली होती. तो आवाज हळूहळू ओसरला, आणि शेवटची दोन वर्षं ते प्राणवायूच्या यंत्राला नळीनं जोडलेले होते. गेल्या थंडीत नागपूरच्या दवाखान्यात गेले. यंत्र घरी परत आलं, ते परत आले नाहीत.

दिवा काढायची सोय इन्व्हर्टरच्या पडद्यावरच आहे. एक बटण दाबायचं. त्यावर लिहिलेलं असतं, 'गरज संपली'.

*

यंदाचा मे आमच्या मानानंही वाईट होता. मी गल्ली समितीची अध्यक्ष, म्हणजे ज्या बैठकीला बाकीचे उशिरा आले त्या बैठकीत मी वेळेवर गेले होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला तशी माझ्याकडे रोज तक्रार यायला लागली. गल्लीचा साठा जेवणं आटोपायच्या आत संपायचा आणि कूलर बंद पडायचे. मंदाची सासू अंथरुणावर तळमळत असे.

"काकू, मी कोणाचं नाव घेत नाही," मंदा म्हणाली. "पण एक बॅटरी जास्तीची मिळाली असती तं आमच्या म्हातारीले रात्रभर वारा भेटला असता. तुम्हीच बोला ना. तुमची मैत्रीण आहे."

कुमुद माझी नुसती मैत्रीण नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक बुटकी भिंत आहे, आणि लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून संध्याकाळचा चहा आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून पितो. खुर्च्या आणायचं कधी दोघींना सुचलं नाही.

मी सकाळी गेले तेव्हा ती अंगणात मूगवड्या घालत होती. आत बैठकीत यंत्र उभं होतं. त्यावर तिनं धुतलेली, इस्त्री केलेली चादर घातली होती.

"जेवली का?" मी विचारलं.

"जेवली ना. पोट भरलं आहे," ती म्हणाली. थंडीपासून तिचं प्रत्येक वेळी हेच उत्तर होतं. मला ते पटत होतं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

मी मंदाच्या सासूचं सांगितलं. ती वड्या घालत राहिली. मी पुन्हा सांगितलं. मग माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली आणि मी नको ते बोलले.

"दिवा कोणासाठी जळून राहिला, कुमुद?"

तिचा हात थांबला. "त्या बटणावर काय लिहिलं आहे, वाचलं तू?"

"वाचलं ना. बटणच आहे ते."

"तू विज्ञान शिकवलं ना? मग सांग मले. गरज संपली, हे कोणत्या यंत्रानं मोजते? मी रात्री उठून अजून पाहते की नळी निसटली तं नाही. दिवा लागलेला दिसला की झोप लागते. आता तो बी काढू का?"

"लोक उकडून राहिले आहेत."

"तं लोकायले सांग, येऊन काढा. मी दाबत नाही."

मी उठून आले. त्या संध्याकाळी मी चहा आत बसून प्याले. दुसऱ्या दिवशीही. भिंतीपलीकडे तिच्या कपबशीचा आवाज यायचा आणि मी मुद्दाम रेडिओ मोठा करायचे. या वयात असलं वागणं शोभत नाही हे मला कळत होतं, आणि राग मात्र जात नव्हता.

*

मग एका दुपारी ट्रान्सफॉर्मर तापून बसला. ग्रिड गेली. उन्हानं पोळलेले पॅनल आणि तापलेले इन्व्हर्टरही मुकादमाने एकेक करून थंड व्हायला थांबवले. गल्ली एकदम चिडीचूप झाली. मंदाच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला, म्हातारीला भोवळ आली होती.

मी ओला पंचा घेऊन धावले, तर कुमुद माझ्याआधी तिथे. तिनं तिच्या घरातून लांब वायर कुंपणावरून टाकली होती. मुकादमाला तिच्या बॅटरीला हात लावता येत नव्हता, पण तिनं स्वतः कोणाला वायर दिली तर अडवणारा कोणी नव्हता. मंदाचा कूलर घरघरायला लागला. म्हातारीच्या चेहऱ्यावर गार वारा आला, तिनं डोळे उघडले. कुमुदनं माझ्याकडे पाहिलंही नाही. दिवाही राहिला आणि म्हातारीही वाचली, असं तिनं आपल्यापुरतं जमवलं होतं, आणि मला मनातून बरं वाटलं.

बॅटरीवर एक कूलर म्हणजे किरकोळ काम. दुपारपासून पहाटेपर्यंत सहज चालायला हवा. तो वरण शिजेल एवढा वेळ चालला. मग कुमुदच्या घरातून इन्व्हर्टरची शिटी ऐकू आली आणि कूलरचं पातं हळूहळू थांबलं. सुदैवानं तेवढ्यात ग्रिड परत आली.

त्या संध्याकाळी कुमुद भिंतीपाशी आली. हातात कप नव्हता.

"शशी, जरा घरी चाल."

इन्व्हर्टरच्या पडद्यावर पुन्हा शंभर दिसत होतं. खाली शब्द होता, राखण. "दुपारी बी शंभरच होतं," ती म्हणाली. "शंभर, शंभर, आणि एकदम बंद. असं कसं?"

मी तिला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच घाम फुटला. बॅटरी किती भरली आहे हे मुकादम आत डोकावून पाहत नाही. तो एवढंच बघतो की दिलेला प्रवाह ती घेते की नाही. घेत नाही म्हणजे भरली, असा त्याचा हिशोब. पण बॅटरी वर्षानुवर्षं नुसती भरलेली बसून राहिली, त्यात आमच्याकडचा उन्हाळा, तर आतलं पाणी उडतं, शिशाचे पत्रे कुजतात, आणि मग तिची घ्यायची ताकदच जाते. टाकी गाळानं भरली तरी पाणी काठापर्यंतच दिसतं, तसं. बाकीच्या घरांच्या बॅटऱ्या रोज उतरतात आणि रोज भरतात, म्हणून त्यांचं खरं माप मुकादमाला रोज कळतं. राखणीच्या बॅटरीला कोणी हातच लावत नाही. महिन्यातून एकदा पडद्यावर प्रश्न येतो, 'कसोटी घ्यायची का?' म्हणजे बॅटरी मुद्दाम उतरवून पाहायची का.

"तू काय दाबत होती?"

"नको," कुमुद म्हणाली. "कोण हो म्हणेल? हे नळीवर असताना मी बॅटरी उतरू देईन?"

बरोबर होतं. मीही नकोच दाबलं असतं. पिवळा दिवा असलेल्या प्रत्येक घरानं नकोच दाबलं असणार.

ती खाली बसली. "शशी, म्हणजे ह्यायच्या वेळेस बी ही अशीच होती काय? मी निवांत झोपत होती. शंभर पाहून झोपत होती मी."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिचा हात धरला. तो हात किती हलका झाला होता हे मला तेव्हा लक्षात आलं. 'पोट भरलं आहे' हे तिचं म्हणणं मीही मुकादमासारखंच ऐकत आले होते. घेत नाही म्हणजे भरलं आहे. न घेण्याचं दुसरं कारण असू शकतं, हे मी, विज्ञानाची बाई, विसरले होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

मग तिनंच वर पाहिलं. "मेश्राम गुरुजी," ती म्हणाली.

*

मेश्राम गुरुजी पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांच्या श्वासाच्या यंत्राला कुमुदच्या आधीपासून पिवळा दिवा आहे. आमच्या वॉर्डात असे बरेच दिवे होते. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत वीज बंद राहणार, असा निरोप सगळ्यांच्या फोनवर आलेला होता. तापून बसलेला ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता.

आम्ही तशाच गुरुजींकडे गेलो. त्यांची सून प्रणिता दारात आली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्हाला आत नेऊन पडदा दाखवला.

"काकू, हे पाहा. शंभर. तुमची खराब निघाली असेल. आमची चांगली आहे. बाबांचं यंत्र लावून ठेवून मी कसोटी कशी घेऊ, तुम्हीच सांगा."

गुरुजी पलंगावरून खुणेनं बसा म्हणाले. तोंडावर मुखवटा होता, डोळे हसत होते. यंत्राचा संथ आवाज खोलीभर होता. आम्ही उठलो.

वीज कचेरीतली अभियंता रश्मी उरकुडे माझी विद्यार्थिनी. प्रयोगवहीत आकृत्या फार सुबक काढायची. मी तिला फोन लावला.

"बाई, मी तुमच्यावर विश्वास ठेवते," ती म्हणाली. "पण उद्याचं काम थांबवायला मला पुरावा लागते. जुना ट्रान्सफॉर्मर फुटला तं दोन-तीन दिवस अंधार होईल, मग तं सगळेच अडचणीत येतील."

"कुमुदच्या बॅटरीनं आज दुपारी दगा दिला ना. मुकादमानं नोंदवलं असेल."

"नोंदवलं असेल, पण मला ते दिसत नाही. राखणीच्या घराची माहिती म्हणजे रोग्याच्या तब्येतीची माहिती समजतात. ती कायद्यानं बंद आहे. साहेबांनाही उघडता येत नाही. घरमालकानं राखण सोडली तरच ती बॅटरी साध्या बॅटऱ्यांत येते. मग मुकादम आपोआप तिची कसोटी घेतो आणि जुनं सगळं उघडते." ती जरा थांबली. "पण तुमच्या मैत्रिणीच्या घरी तर रोगी आहे ना, बाई? दिवा आहे म्हणजे..."

फोन स्पीकरवर होता आणि कुमुद समोर बसली होती.

फोन ठेवल्यावर मी तिला म्हणाले, "दुसरा काही मार्ग शोधू. प्रत्येक दिव्याच्या घरी जाऊ, उद्या दुपारपुरतं दवाखान्यात हलवा म्हणू."

"कोण ऐकते? प्रणितानं ऐकलं?" कुमुद म्हणाली. "मीच ऐकलं असतं का? शंभर दिसून राहिलं असतं तं मी तुले हाकलून दिलं असतं."

ती उठून आत गेली. मी ओट्यावर बसून राहिले. कुंपणापलीकडे मंदाची सासू खाटेवर बसून मला हात करत होती.

*

सकाळी कुमुदनं मला बोलावलं. आंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून ती इन्व्हर्टरसमोर उभी होती. दार सताड उघडं होतं. मंदालाही तिनं बोलावून घेतलं होतं.

"मंदा, तुले माहीत आहे, हे थंडीतच गेले," ती म्हणाली. "दिवा मी ठेवला होता. तुमच्या म्हातारीचा वारा त्यात अडकला. राग मान, पण आधी ऐक."

"काकू, राहू द्या ना," मंदा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुमुदनं मला विचारलं, "शशी, तांदळाची कोठी आठवते ना तुले, मिलमधली?"

"आठवते."

"हे कोठीवर झाकण टाकून बसत नव्हते. पंधरा दिवसांनी पोतं उपसायचे, कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर बाहेर काढून उन्हात पाहायचे, किडे झाले का म्हणून. त्यालेच राखण म्हणत होते हे. आम्ही शब्द घेतला आणि झाकण टाकून बसलो."

तिनं बोट उचललं. 'गरज संपली' ही अक्षरं पडद्यावर चमकत होती. बोट तिथेच थांबलं. मला वाटलं ती म्हणेल, तू दाब. म्हणाली असती तर मी दाबलं असतं आणि आयुष्यभर ते माझ्या मनावर दगड होऊन राहिलं असतं. पण ती तसं म्हणाली नाही. यंत्रावरच्या चादरीकडे एकदा पाहून तिनं अगदी हळू आवाजात म्हटलं, "तुमची नाही संपली. फक्त बटण आहे." आणि दाबलं.

फाटकावरचा दिवा गेला. सकाळच्या उन्हात तो लागलेला आहे की विझलेला, हे नीट दिसतही नव्हतं, तरी समोरच्या ओट्यावर दोघीतिघी उभ्या राहिल्या.

पडद्यावर शब्द बदलला. कसोटी. मुकादमाने तिची बॅटरी गल्लीच्या तारेवर ओढली. शंभर. शंभर. नव्याण्णव. मग आकडा असा कोसळला की मंदानं तोंडावर हात ठेवला. शिटी झाली आणि खरं माप पडद्यावर उमटलं. शंभराच्या जागी चार.

रश्मीचा फोन यायला वेळ लागला नाही. "बाई, दिसलं," ती म्हणाली. "काम थांबवते आहे. नागभीडवरून फिरत्या बॅटरीच्या गाड्या मागवल्या. एकेका घरी गाडी जोडून कसोटी घेऊ. कुमुदकाकूंना सांगा..." एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस गाड्या वॉर्डात फिरत होत्या. निम्म्याहून जास्त दिव्यांखालच्या बॅटऱ्या पोकळ निघाल्या. गुरुजींची तर कुमुदच्याहून लवकर बसली. प्रणिता पडद्यासमोर उभी होती. आकडा कोसळला तेव्हा ती गुरुजींच्या पलंगाशी धावली. गुरुजींनी मुखवटा बाजूला केला आणि अडखळत म्हणाले, "म्हणजे आम्ही देवाच्या भरवशावर होतो. वीज कंपनीला उगाच धन्यवाद दिले." मग खोकत खोकत हसले, आणि प्रणितानं त्यांना रागावून मुखवटा परत लावला.

ट्रान्सफॉर्मर तेवढे दिवस तगला. मग बदलला. नव्या बॅटऱ्या आल्या. नियमही बदलला. राखणीच्या घराची कसोटी आता दर महिन्याला होतेच, 'नको' हे बटण राहिलं नाही. पण कसोटी चालू असताना रोग्याचं यंत्र वॉर्डातल्या दुसऱ्या एखाद्या घराच्या बॅटरीवर घेतात. तेवढा वेळ ते घर राखण करतं. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी नाव द्यावं, असं रश्मीनं कळवलं. नाव द्यायला सगळ्यांत आधी कोण गेलं हे सांगायला नको.

कुमुदनं ते प्राणवायूचं यंत्र आरोग्य केंद्राला देऊन टाकलं. चादर मात्र ठेवली. बैठकीतली ती जागा काही दिवस रिकामी दिसायची, मग तिथे तिनं दोन खुर्च्या आणून टाकल्या. आता आम्ही चहा बसून पितो. चहाबरोबर मी काहीतरी खायला नेते आणि 'पोट भरलं आहे' हे उत्तर मी ऐकून घेत नाही. समोर बसून खायला लावते. ती चिडते आणि खाते.

गुरुजींची पहिली कसोटी पावसाळ्याच्या तोंडावर होती. संध्याकाळची वेळ. मी कप आणि खाण्याची बशी घेऊन तिच्याकडे गेले तर फाटकापाशीच थबकले. तिच्या फाटकावरचा पिवळा दिवा लागला होता. येणारे-जाणारे वर बघून जात होते, कोणी चपलांकडे बघत नव्हतं.

आत कुमुद इन्व्हर्टरसमोर खुर्ची ओढून बसली होती. पडद्यावर लिहिलं होतं, राखण, मेश्राम. शेजारी आकडा होता. शहाण्णव. पंचाण्णव.

"उतरून राहिली," मी उगाचच म्हणाले.

"उतरू दे," ती म्हणाली. "उतरायसाठीच तं भरली होती." आणि तिनं माझ्या हातातली बशी घेतली आणि न सांगता खायला लागली.